सरांच्या तब्येतीसाठी

बुद्धविहारातलं सरांचं ग्रंथवाचन मी बंद पाडलं. आमच्या बोरगाव मेघेतल्या वस्तीत सगळ्यांना असंच माहीत होतं की सरांचं हृदय कमजोर झालं आहे, म्हणून त्यांना घरी बसावं लागलं. सगळ्यांना, म्हणजे एकटे सर सोडून. त्यांचं हृदय ठणठणीत होतं आणि ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. डॉक्टर जे बोललेच नव्हते ते मी डॉक्टरांच्या तोंडी घातलं, आणि एका घराची काही वर्षं नासली. याच सरांनी मला कॉलेजात नीतिशास्त्र शिकवलं होतं, हे लिहिताना आजही मान वर होत नाही.

सर वर्ध्याच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. हा विषय घेणारी मुलं दोन प्रकारची असत. एक, ज्यांना दुसऱ्या विषयाला प्रवेश मिळाला नाही अशी, आणि दुसरा मी. मलाही दुसरीकडे प्रवेश मिळाला नव्हता, पण मी ते कबूल करत नसे. सर उंच, काटकुळे. बारा महिने पांढरा सदरा-पायजमा आणि पायात कॅनव्हासचे बूट, ज्यांच्या नाड्या ते कधीच बांधत नसत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारातून ओरडायच्या, "अवो, एखाद दिवशी पडान नं!" सर वळून न बघता म्हणायचे, "पडलो का बांधीन."

त्यांचा तास एका ठरलेल्या वाक्याने सुरू व्हायचा. "कालचं मागे घेतो." आदल्या दिवशी जे ठासून सांगितलं, त्यातलं काही ना काही त्यांना घरी जाऊन चुकीचं वाटलेलं असे. एकदा ते म्हणाले, "नीती म्हणजे काय? दुसऱ्याच्या पायात काटा रुतला, अन् आपल्याले टोचला. अन् सुख म्हणजे काय? तो काटा निघाला. मंग दोन्ही गोष्टी येगळ्या कशा?" आम्ही खूश होऊन ते वहीत उतरवलं. दुसऱ्या दिवशी, "कालचं मागे घेतो. काही लोकाइले दुसऱ्याच्या पायातला काटा पाहूनच सुख होते. त्याचं काय करावं, मले अजून समजलं नाई." आम्ही वहीतलं खोडलं. वर्षाअखेरीस आमच्या वह्यांत खोडलेलंच जास्त होतं. परीक्षेला काय लिहायचं, हा प्रश्नच होता.

परीक्षेतला त्यांचा एक प्रश्न कॉलेजात गाजला. 'एक माणूस नीतीने वागतो आणि दुःखी आहे. दुसरा अनीतीने वागतो आणि सुखी आहे. तुमच्या बहिणीचं लग्न यांपैकी कोणाशी लावाल? कारणे द्या.' आम्ही सगळ्यांनी पानंच्या पानं लिहून पहिल्याशी लावलं. एका मुलीने एवढंच लिहिलं की पहिला का दुःखी आहे हे आधी त्याला विचारीन, त्याशिवाय कोणाशीच लावणार नाही. सरांनी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि आम्हाला म्हणाले, "तुमच्या बहिणीइनं हे वाचलं असतं तर विळ्यानं हाणलं असतं तुम्हाले."

त्यांना 'कसे आहात?' असं विचारायचं नाही, हे अख्ख्या वर्ध्याला माहीत होतं. विचारलं तर ते खरंच सांगत. भाजीबाजाराच्या तोंडाशी कोणी सहज म्हणालं, "काय सर, मजेत?" की सर पिशवी खाली ठेवायचे, विचार करायचे आणि सुरू व्हायचे. "शरीर बरं आहे. गुडघा उजवा सोडून. मनाचं म्हणशील तर सकाळी मेहुण्याशी खोटं बोललो, तवापासून चहा गोड लागून नाई राह्यला." विचारणारा अंग चोरून निसटायचा. मग सर त्यालाही विचारायचे, "अन् तू?" तो "मजेत" म्हणाला की, "मजेत माणसाचं तोंड असं नसते गा. सांग, काय झालं." लोक त्यांना पाहून रस्ता बदलत. गंमत अशी की ज्यांच्यावर खरोखर काही कोसळलं होतं, ते मात्र रस्ता ओलांडून त्यांच्याकडेच येत.

निवृत्त झाल्यावर ते आमच्या विहारात ग्रंथवाचन करू लागले. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, वर्षावासात, आमच्याकडे रोज संध्याकाळी वंदना होते, एक जण ग्रंथातलं एक प्रकरण वाचतो, बाकीचे ऐकतात, 'भवतु सब्ब मंगलं', सगळ्यांचं भलं होवो, म्हणून घरी जातात. मी तोवर एका सरकारी कार्यालयात कारकून झालो होतो आणि विहार समितीचा सचिवही. सरांना वाचायला मीच बोलावलं. आपले गुरू म्हणून जरा मिरवलोसुद्धा.

सरांनी वाचलं चांगलं. पण वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "आता सांगा, आज आपल्यामुळे कोणाचा दिवस खराब झाला?"

आणि त्यांनी स्वतःपासूनच सुरुवात केली. "आज मी हिले म्हटलं, भाजी अळणी आहे. हे उपाशी उठली."

बायकांच्या बाजूने काकूंचा आवाज आला. "काऊन खोटं बोलून राह्यले जी? भाजी तुम्हीच केलती. अन् मी उठली ते फोन वाजला म्हणून."

विहार हसून हसून लोळला. सर गंभीरपणे म्हणाले, "मंग मागे घेतो."

त्या हसण्याने लोकांची भीड चेपली. हळूहळू रोज कोणी ना कोणी बोलू लागलं. एसटीचा एक कंडक्टर म्हणाला, नालवाडीच्या फाट्यावर एका म्हातारीनं हात दाखवला, गाडी भरलेली होती, मी डबल बेल मारली. एक आजी म्हणाल्या, सून दिवसभर फोनवर असते म्हणून मी तिचा चार्जर पिठाच्या डब्यात लपवला. कोणी काहीही सांगितलं तरी सर रागावत नसत, उपदेश करत नसत. माणूस "मला फार वाईट वाटलं" असं म्हणू लागला की हात वर करून थांबवत. "तुले काय वाटलं ते राहू दे. तिचं काय झालं?" कंडक्टरला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो फाट्यावर उतरून चौकशी करून आला. म्हातारी दवाखान्यात निघाली होती, ऑटोने गेली, पोचली. हे त्याने विहारात सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला. असा हलका चेहरा मी माझा आरशात बऱ्याच वर्षांत पाहिलेला नव्हता.

सगळ्यांनाच हे आवडलं असं नाही. समितीत कुरकुर होती. वाचन लांबतं, बाहेरचे पाहुणे आले की शोभत नाही, पोरांसमोर मोठ्यांची इज्जत जाते. मी सरांची बाजू घ्यायचो. माझ्यावर पाळी आली नव्हती तोवर.

एका संध्याकाळी पुस्तक मिटून सरांनी थेट माझ्याकडे पाहिलं. "सचिवसाहेब, तुही माय कुठं असते आता?"

"गावीच असते सर. पुलगावजवळ. तिला गावातच करमतं."

"असं तिनं सांगतलं?"

"म्हणजे, तिचं मन तिथंच रमतं, सर."

"मी काय इचारलं? तिनं सांगतलं का?"

बायकांच्या रांगेत माझ्या बायकोने खाली पाहिलं, ते मला न बघताही दिसलं. आई आदल्या दिवाळीला कपड्यांची मोठी पिशवी घेऊन आली होती. पिशवीच्या आकारावरूनच कळत होतं की ती राहायला आली आहे. आठवडाभराने मीच तिला बसमध्ये बसवून दिलं. "तुला इथं कोंडल्यासारखं होईल आई, शेजारपाजार नाही," असं म्हणालो. ती "बरं" म्हणाली. खिडकीतून मला म्हणाली, "ऊन लागंल, जाय तू घरी." हे सगळं मला तिथे सांगावं लागलं असतं.

सरांनी क्षणभर वाट पाहिली आणि म्हणाले, "आज नको सांगू. मंग सांगजो."

त्यांनी मला सोडून दिलं, असं लोकांना वाटलं. मला मात्र त्या 'मंग सांगजो'ने पछाडलं. रोज संध्याकाळी पुस्तक मिटायची वेळ झाली की मी दाराकडे सरकायचो. मी मागे बसू लागलो. दिवे, माइक, चपलांचा स्टँड, काहीही कारण काढून बाहेर थांबू लागलो. सर माझ्याकडे बघतही नसत. पण मला ते बघत आहेत असंच वाटे.

आणि मग एके दिवशी भयंकर उकाड्यात वाचता वाचता सरांना दम लागला. ते थांबले, पाणी प्यायले, पुन्हा वाचू लागले. एवढंच झालं. पण काकू घाबरल्या आणि मला म्हणाल्या, "बापू, तू घेऊन जाय त्याईले दवाखान्यात. माहं ऐकत नाई ते." मी दुसऱ्या दिवशी नेलं. डॉक्टरांनी तपासलं, ईसीजीची पट्टी काढली. सर पलीकडे सदऱ्याची बटणं लावत होते तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, "काही नाही हो. उकाड्यात पाणी कमी पडलं. यांच्या वयात याहून चांगलं हृदय मला बघायला मिळत नाही."

सोबत आलेल्या काकू बाहेर बाकावर बसून होत्या. सर औषधाच्या दुकानाकडे वळले. काकूंनी माझा हात धरला. "तुले बाजूले घेऊन काय सांगतलं डॉक्टरनं?"

आपल्याकडे डॉक्टर खरं ते नातेवाइकाला बाजूला घेऊन सांगतात आणि पेशंटला 'काही नाही' म्हणतात, असं प्रत्येकाला ठाम माहीत असतं. काकूंच्या त्या प्रश्नातच अर्धं उत्तर होतं. मला फक्त मान हलवायची होती. मी मानही हलवली आणि वर बोललोसुद्धा. "हृदयावर ताण आहे, काकू. मोठ्यानं वाचणं बंद करा म्हणाले. वादावादी नको. आणि सरांना कळू देऊ नका, धसका घेतील."

ठरवून बोललो का? नाही. पण तोंडातून निघाल्यावर मागे घ्यायला मला अख्खा रस्ता होता. ऑटोत आम्ही तिघं शेजारी शेजारी बसून घरी आलो. सर मध्ये बसले होते आणि गुडघ्याबद्दल बोलत होते. मी काही बोललो नाही.

काकूंनी सरांना वेगळंच कारण सांगितलं. "आता नव्या पोराइले वाचू द्या नं. किती दिवस तुम्हीच?" सर म्हणाले, बरोबर आहे. समितीला मी 'खरं' कारण सांगितलं, म्हणजे मी रचलेलं, हृदयाचं. सगळे हळहळले. वस्तीभर एकमेकांच्या कानात गेलं की सरांना जपा, त्यांच्याशी वाद घालू नका, आणि त्यांना कळू देऊ नका. सरांच्या जागी वाचायला कोण, तर मी. माझा आवाज बरा आहे. प्रकरण वाचून झालं की मी पुस्तक मिटून लगेच 'भवतु सब्ब मंगलं' म्हणायचो. लोक म्हणाले, आता कार्यक्रम वेळेवर संपतो. गर्दीही वाढली.

आमची वस्ती वाईट नाही. लोकांनी सरांना खरंच जपलं. ते बाहेर दिसले की हातातली पिशवी काढून घेत, चहा आणून देत. ते काहीही बोलले तरी "हो सर, बरोबर आहे सर" म्हणत. 'कसे आहात' हे तर कोणी विचारेचना, उत्तर देताना त्यांना ताण येईल म्हणून. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना आपल्याशी भांडायला शिकवलं, त्याच्याशी एकाएकी सगळं गाव सहमत झालं.

एकदा दुपारी ऑफिसात त्यांचा फोन आला. "अबे, मी काल पानठेल्यावर मुद्दाम चुकीचं बोललो. म्हटलं, ज्याच्यापाशी ताकद तोच नीतिवान. चार जण होते. चारही जण म्हणाले, बरोबर आहे सर. काय झालं बे लोकाइले?"

मी म्हणालो, "तुमचा आदर करतात सर."

"आदर नाई हा," ते म्हणाले. "मी मेलो असं समजून बोलून राह्यले माह्याशी."

पुढे ते टीव्हीवरच्या मालिका बघू लागले. त्यातल्या लोकांशी तरी भांडता येई. फोन करून मला विचारायचे, "ते कपटी जाऊ हाय नं, तिचं सगळं मनासारखं होऊन राह्यलं. मंग तिच्या कपाळावर आठी काऊन?" मी काहीबाही उत्तर द्यायचो. ते "हो, बरोबर" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. सर मला 'बरोबर' म्हणाले की मला रात्री जेवण जात नसे.

मी कबूल का केलं नाही? पहिल्या वर्षी भीतीने. नंतर मला एक चांगलं कारण सापडलं. काकू त्यांना नियमाने दुसऱ्या डॉक्टरांकडे नेत. ते डॉक्टर म्हणत, सगळं छान आहे. काकू मला आनंदाने सांगत, "पाय, वाचणं बंद केलं म्हणून ठीक आहे." माझं खोटं कोणत्याही तपासणीत उघडं पडणार नव्हतं. सर बरे राहिले तर ते माझ्या सल्ल्यामुळे, आणि आजारी पडले तर मी आधीच सांगितलं होतं. मग मी स्वतःला म्हणू लागलो, काकू निर्धास्त आहेत, सर धडधाकट आहेत, आता सांगून त्यांचं सुख कशाला मोडायचं? खरं बोलून चार माणसं दुःखी होणार असतील तर ते खरं काय कामाचं? सरांच्याच तासाला शिकलेली भाषा होती ती. तिच्यात किती सोयीने लपता येतं, हे सरांनी शिकवलं नव्हतं. ते माझं मी शोधलं. आईला बसमध्ये बसवतानाही तिचंच सुख मी पुढे केलं होतं. ज्याला जवळून दूर करायचं आहे, त्याचं भलं माझ्या तोंडी फार पटकन येतं.

आई नंतर माझ्याकडे आली. मी आणलं म्हणून नाही, ओसरीवरून पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून. ती आता पुढच्या खोलीत असते. तिला शेजारणी आहेत, करमतं. याची शाबासकी मला नको.

गेल्या आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होती. त्या दिवशी आमच्याकडे खीरदान असतं. काकूंनी घरून पातेलं भरून खीर आणली होती. सगळे पंगतीला बसल्यावर त्या पहिली वाटी घेऊन सरळ माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. सर त्या वेळी बाहेर पोरांबरोबर होते. काकूंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "ह्यानं त्या दिवशी मले सांगतलं नसतं, तर आज सर नसते. पोटच्या पोरानं केलं नसतं ते ह्यानं केलं." आणि वाटी माझ्या हातात दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंगतीत माझी आई बसली होती. तिनेही वाजवल्या.

ती खीर मी खाल्ली. न खाऊन काय सांगणार होतो?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळीच त्यांच्याकडे गेलो. सर समोरच्या खोलीत मालिकेचा कालचा भाग पुन्हा बघत होते. काकू खाली बसून मेथी निवडत होत्या. मला पाहून त्यांनी खुर्ची पुसली.

"सर, मला काहीतरी सांगायचंय. काकू, तुम्हीपण ऐका."

सरांनी टीव्हीचा आवाज बंद केला. चित्र चालूच राहिलं. मी उभ्यानेच सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते ते, मी बाहेर येऊन काय म्हणालो ते, वस्तीला काय सांगितलं ते. मला फार वाईट वाटतं, हे वाक्य जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं.

मग सर म्हणाले, "मले भेत होता का तू?"

"हो सर."

"मायचं इचारलं म्हणून?"

"हो."

"अन् मी समजत होतो, लोक कंटाळले मले," सर म्हणाले. "हे म्हणाली नं, नव्या पोराइले वाचू द्या. मले वाटलं, लोकाइनं हिच्या तोंडून सांगतलं. म्हणून मी एकदाबी इचारलं नाई." आणि मग माझ्याकडून मान वळवून ते काकूंना म्हणाले, "तू येवढे दिवस हे येकटीनं बोकांडी घेऊन फिरली? मले सांगतलं नाई?"

काकूंच्या हातात मेथीची काडी तशीच होती. त्यांनी मला विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले होते? त्याइचेच शब्द सांग."

"यांच्या वयात याहून चांगलं हृदय बघायला मिळत नाही, असं."

"असं म्हणाले होते?"

"हो काकू."

"मी रात्री उठून त्याइच्या नाकापाशी हात धरून पाह्यची," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "हे घोरले का मले झोप लागे. नाई घोरले का बसून राह्यची. अळणी खाऊ घातलं. भांडण आलं का गिळलं. मी माह्या नवऱ्याशी भांडली नाई रे इतके दिवस! लग्नापासून असं कधी झालं नवतं."

सरांनी टीव्हीवरचं चालू चित्रही बंद केलं.

"अन् पोरगी," काकू म्हणाल्या.

त्यांना एकच मुलगी. ती पुण्याला असते, नोकरी करते. तिच्या बाळंतपणाला काकू गेल्या नव्हत्या, एवढं मला माहीत होतं. का गेल्या नाहीत, याचा मी कधी विचार केला नव्हता.

"तिनं दोनदा तिकीट काढलं माहं. दोनदा मी रद्द करायले लावलं. ह्याइले येकटं सोडून कशी जाऊ? अन् सोबत नेलं अन् गाडीत काही झालं तर? तिले खरं कारण सांगता येईना. तिनं बापाले सांगतलं असतं नं. मंग म्हटलं, गुडघे दुखतेत. तिचं सिझर झालं. घरात कोणी नाई. जावई अन् लेक, दोघंच. चाळीस दिवस पोरीनं स्वतः उठून चहा केला." काकूंनी काडी खाली ठेवली. "तवापासून फोन करते, पण 'आई जेवली का' च्या पुढं काही बोलत नाई. तिले वाटते, आईले माह्यापेक्षा आपले गुडघे मोठे."

मी हात जोडले. "काकू, माझं..."

"माह्याशी नको बोलू," त्या म्हणाल्या. "तुले माफी द्याची का नाई, ते मी पाहीन. आज नाई जमत मले."

त्या उठल्या. पदराने हात पुसले. कपाटावरचा मोबाईल घेतला, डोळ्यांजवळ धरून नाव शोधलं, लावला आणि स्पीकर चालू करून माझ्यापुढे धरला. तिकडे घंटी वाजत होती. सर खुर्चीत पुढे सरकून बसले. मला वाटलं ती उचलणार नाही, रविवार आहे, लेकरू असेल. मनात कुठेतरी तिने उचलूच नये, असंही वाटलं, तेही सांगून टाकतो.

"हॅलो, आई? जेवलीस का?"

काकूंनी मला मानेनेच खुणावलं. ही मुलगी लहान असताना मी सरांकडे अभ्यासाला यायचो तेव्हा ती माझ्या वहीवर रेघोट्या मारायची. मला 'दादा' म्हणायची.

"ताई, मी बोलतोय. विहारातला दादा," मी म्हणालो. "आई बरी आहे, बाबा बरे आहेत, घाबरू नकोस. तुझ्या बाळंतपणाला काकू आल्या नाहीत, ते गुडघ्यांमुळे नाही. सरांचं हृदय कमजोर आहे, त्यांना एकटं सोडता येणार नाही, असं काकूंना वाटायला मी लावलं होतं. ते खोटं होतं. सरांना काहीही झालेलं नव्हतं, आणि ते मला माहीत होतं. मी स्वतःची लाज झाकायला बोललो आणि तुझी आई तुझ्यापाशी येऊ शकली नाही. तिची काही चूक नाही, ताई. माझी आहे. मला माफ कर."